पुनर्भेट मंडळाचा बिल्ला

४ जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो मामा, बघते मामा" म्हणतेस आणि तेव्हाच तिकडे दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असतेस, म्हणून लिहितोय. लिहिलेलं तरी नीट वाचशील.

तू करून दिलेली वेबसाइट झकास आहे. माझा फोटो तेवढा बदल, त्यात मी जामिनावर सुटून आल्यासारखा दिसतो. पण मुद्दा वेगळाच आहे. पान खाली सरकवत तळाला गेलं की माझ्याकडे नुसता फोन नंबर आहे आणि खाली पांढरी जागा. नवबिल्लेच्या साइटवर त्याच जागी बिल्ले आहेत. चांगले नऊ. एक ढाल आहे, एक सोनेरी रिबीन आहे, एक अंगठा वर केलेला हात आहे आणि एकावर "शंभर टक्के विश्वास" असं लिहिलंय. शंभर टक्के विश्वास तर तुझ्या मामीचासुद्धा माझ्यावर नाही, आणि ती माझ्याबरोबर राहते.

तुला तो आठवत नसेल. तो माझ्याकडे गवंडी होता, ओळंबा धरायला मी शिकवलं त्याला. नवबिल्ले हे नाव मामीने ठेवलंय. आता त्याच्या कामगारांना एकसारखे शर्ट आहेत आणि गाडीवर त्याचा स्वतःचा हसरा फोटो आहे. मला मात्र लोक फोनवर विचारतात, "तुम्ही मान्यताप्राप्त आहात का?" मी म्हणतो, अहो, अर्ध्या गावाची घरं मी बांधलीत, मला मान्यता कोण देणार? की लगेच "बरं, कळवतो" म्हणून फोन ठेवतात आणि काम त्याच्याकडे जातं.

परवा तो घरी आला होता. बूट दाराबाहेर काढून, मान खाली घालून बसला आणि म्हणाला, "काका, आता धावपळ कमी करा. माझ्याकडे सुपरवायझर म्हणून या." येताना शर्टही आणला होता, माझ्या मापाचा. तुझ्या मामीने तो फेकला नाही, घडी करून ठेवलाय. यातून काय ते समज.

उन्हाळ्यापर्यंत दोन धड कामं आली नाहीत तर मला तो शर्ट अंगात घालावा लागेल. आयुष्यभर मी कुणाच्या हाताखाली काम केलं नाही, आता या वयात माझ्याच गवंड्याला "हो साहेब" म्हणायचं माझ्या जिवावर आलंय. तेव्हा मला बिल्ले पाहिजेत. पाच चालतील. मामी म्हणते सहा कर, म्हणजे ओळ सरळ दिसेल.

तुझा,
मामा


७ जानेवारी

ती. स्व. मामास सा. न.

फोटो बदलला. आता तू जामीन राहिलेल्या माणसासारखा दिसतोस.

बिल्ल्यांचं ऐक. खरा बिल्ला आपण लावून घ्यायचा नसतो, कुणीतरी तो द्यावा लागतो. त्यावर बोट ठेवलं की देणाऱ्याचं पान उघडतं आणि तिथे तुझं नाव असतं. तुझा विमा आहे, म्हणून विमा कंपनीचा एक बिल्ला लावलाय. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचा मिळाला असता, पण वार्षिक सभेत भाषणं फार लांबतात म्हणून तू ऐन भाषणात उठून राजीनामा दिलास. मामी अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगते.

नवबिल्लेचे नऊ मी पाहिले. त्यातले चार तर माझ्याच ओळखीचे निघाले, आमच्या ऑफिसात तयार होतात. ढाल माझी आहे. "समाधानाची हमी" लिहिलेली रिबीनही माझीच. मी सकाळी काढते आणि दुपारी दंतवैद्य, वकील, कुत्र्यांचा पार्लरवाला, कुणालाही त्या दिल्या जातात. त्यांच्यावर बोट ठेवून बघ, काही उघडत नाही. कुणी ठेवतच नाही म्हणा.

बिल्ला मिळाला तर कसा दिसेल ते कळावं म्हणून तुझ्या पानाचा एक नमुना केलाय. तू काम संपल्यावर दरवर्षी त्याच लोकांच्या घरी न सांगता उगवतोस आणि भिंतींवर टिचक्या मारत फिरतोस ना, त्यावरून "पुनर्भेट मंडळ, मान्यताप्राप्त सभासद" असा एक बिल्ला रचला. (एका काकूंनी आईला विचारलं होतं की तुमच्या भावाला काही उद्योग नाही का.) बिल्ल्यामागचं पान रिकामं वाईट दिसत होतं म्हणून चार नियमही ठोकून दिले. सभासदाच्या जुन्या कामाला दरवर्षी भेट होईल, ती भेट दुसरा सभासद देईल, खोटा अहवाल देणाऱ्याचं नाव कमी होईल, आणि कमी केलेलं नाव कारणासकट याच पानावर राहील. असं काहीही. असं मंडळ जगात कुठे नाही, हे वेगळं सांगायला नको.

नमुना बघ आणि जागा आवडली का ते कळव. "प्रसिद्ध करा" हे बटण तुझ्याकडे आहे, कारण घराची किल्ली मालकाकडे हवी असा तू हट्ट धरला होतास. ते दाबू नकोस.

तुझी,
ठमी


१८ जानेवारी

चि. ठमीस अ. आ.

दाबलं. तू दाबू नकोस म्हणालीस हे खरं, पण ते तू पत्राच्या पार शेवटी लिहिलंस. तोवर मी नमुना बघितला होता आणि मला तो पसंत पडला होता.

आणि ऐक, काम आलं. एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आहेत, त्यांची गच्ची गळते. त्या नवबिल्लेकडेच जाणार होत्या. त्याचे सगळे बिल्ले त्यांनी एकेक करून दाबले, काही उघडेना. माझा दाबला तर चार नियम उघडले. बाईंनी ते छापून घेतले आणि लाल पेनाने शुद्धलेखन तपासून मला दाखवले. म्हणाल्या, "मंडळ कडक दिसतंय." म्हटलं, फार. "सभासद किती?" म्हटलं, अगदी निवडक. "पुढची बैठक कधी?" म्हटलं, ठरवतोय. यात खोटं एक अक्षर नाही, वाटल्यास पुन्हा वाच.

मामी म्हणाली, बघा, भाचीने मामाचं नाव काढलं.

तुझा,
मामा


१९ जानेवारी

मामा,

ते आत्ताच्या आत्ता काढ. मी स्वतः काढायला गेले तर पासवर्ड चालत नाही. तो तू कधी बदललास आणि का?

गंमत वाटत असेल, पण नसलेल्या संस्थेचा बिल्ला लावणं ही फसवणूक आहे. आमच्या रिबिनी निदान कुणाचं नाव घेत नाहीत. उद्या बाईंनी मंडळाचा पत्ता विचारला तर काय सांगशील? माझ्या ऑफिसचा देणार आहेस?

तुला कामं मिळावीत असं मला वाटत नाही का? वाटतं म्हणूनच सांगतेय. एकदा का लोकांना कळलं की याचा बिल्ला खोटा, की मग तू त्या शर्टातसुद्धा कुणाला नको होशील. पासवर्ड पाठव.

ठमी


९ फेब्रुवारी

चि. ठमीस अ. आ.

पासवर्ड मी बदलला, कारण तूच म्हणाली होतीस की मधूनमधून बदलावा. कुठे लिहून ठेवला नाही, कारण तूच म्हणाली होतीस की कुठे लिहू नये. आता तो मला आठवत नाही. तुझं सगळं ऐकलं की असं होतं.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, हेही सांगतो. तू मला फसव्या म्हणालीस. मग डोकं शांत केलं आणि विचार केला की या बिल्ल्यात वाईट काय आहे? नियम चांगले, नाव चांगलं. वाईट एवढंच की मंडळ नाही. मग मंडळ काढलं.

पहिली बैठक हार्डवेअरवाल्याच्या गोदामात झाली. बसायला रंगाचे डबे होते. मी, आमचा प्लंबर आणि फरशीवाला. प्लंबर म्हणाला, चहा आहे ना, मग मी सभासद. अध्यक्ष कंत्राटदार नको म्हणून मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं. त्यांना मी खरं सांगून टाकलं की बाई, बिल्ला आधी आला आणि मंडळ मागाहून येतंय. मला वाटलं, आता गच्चीचं काम गेलं. पण त्या म्हणाल्या, "उशिरा का होईना, वर्गात आलात. बसा." आणि अध्यक्ष झाल्या.

दुसऱ्या बैठकीला दारात कोण उभा? नवबिल्ले. त्याला दहावा बिल्ला पाहिजे. मी सरळ नाही म्हणणार होतो, पण बाई म्हणाल्या, नियमात कुणाला नाही म्हणायची सोय नाही, आत घ्यायचं आणि काम तपासायचं. ठमे, तू नियम लिहिताना जरा मामाचा विचार करायचा होतास.

आता प्रत्येकाने आपल्या जुन्या कामांची नावं बाईंना द्यायची. त्या चिठ्ठ्या करून पर्समध्ये टाकतात आणि निघेल त्या घरी दुसरा सभासद जातो. मी पहिलंच नाव ताईच्या घराचं दिलं. तुझ्या आईची ती मागची खोली आणि स्वयंपाकघर म्हणजे मी सगळ्यात जीव लावून केलेलं काम आहे.

तुझा,
मामा


१३ फेब्रुवारी

ती. स्व. मामास सा. न.

ऑफिसात ही गोष्ट सांगितली तर आमचे साहेब म्हणाले, असा ग्राहक पहिल्यांदाच पाहिला. लोक बिल्ला काढून टाकतात, हा माणूस संस्थाच काढतो.

तर मंडळाची रीतसर नोंदणी करू. अर्ज भरून पाठवलाय, बाईंची सही घे. पासवर्ड मी नवीन करून घेतला आणि तो आता माझ्याकडे राहील. मंडळाच्या पानाचा तेवढा बाईंना देते. बिल्ल्याच्या पानावर "नोंदणी चालू आहे" असं लिहिलंय. फसव्या म्हणाले त्याचा राग धरू नकोस, घाबरले होते.

एक मात्र ऐक. आईचं घर चिठ्ठीत घालू नकोस. घरचं काम कुणी असं धरत नाही, लोक म्हणतील बहिणीकडूनच वाहवा करून घेतली. शिवाय आईला हल्ली खोकला आहे, परक्या माणसांची ये-जा तिला नको वाटते. तू बांधलेल्या शाळेचं नाव दे, किंवा बँकेतल्या काकांच्या घराचं दे. आईचं राहू दे. मला वाटलं म्हणून सांगितलं.

तुझी,
ठमी


२४ मार्च

चि. ठमीस अ. आ.

तुझा स्वभाव तुझ्या आईवर गेलाय, स्वतःच्या घरचं कौतुक झालेलं चालत नाही. पण बाईंना एकदा दिलेलं नाव परत घेता येत नाही. त्यांनी मला तसं उभं करून सांगितलं.

आधी माझी हकीकत. माझ्या वाट्याला नवबिल्लेने बांधलेलं एक घर आलं. खरं सांगतो, मी आनंदाने गेलो. म्हटलं, आज याचं पितळ उघडं पाडतो. मालकिणीला सोफा हलवायला लावला, पलंग हलवायला लावला, गच्चीवर पाणी सोडून खाली छताकडे बघत बसलो. सगळं कोरडं. कोपरे काटकोनात, फरशीचा उतार बरोबर मोरीकडे. मेल्याचं काम चांगलं आहे. अहवालात "उत्तम" लिहिताना माझा हात जड झाला होता. मग बिल्ले कशाला चिकटवत बसतो हा माणूस, हेच मला कळत नाही.

आणि माझ्या चिठ्ठीत निघालं ताईचं घर, आणि तपासायला कोण? तोच. आठवडाभर माझी नुसती चुळबुळ. काल बैठकीत बाईंनी अहवाल वाचला. "सर्व भिंती कोरड्या. काम उत्तम. असं काम शिकायला मिळालं हे आमचं भाग्य." असं त्याने लिहिलंय, सगळ्यांसमोर. मी चष्मा पुसत बसलो. प्लंबर म्हणाला, मामा, धूळ गेली का डोळ्यात?

दवाखान्याच्या डॉक्टरांना मागे दोन खोल्या वाढवायच्या आहेत. मोठं काम आहे, वर्षभर पुरेल. ते म्हणाले, तुमचा तपासणीचा निकाल साइटवर लागला की नक्की करतो. तेव्हा मोठ्या अक्षरात लाव, "पुनर्भेट तपासणीत उत्तीर्ण", आणि ताईच्या खोलीचा फोटो घाल. डॉक्टरांचं ठरलं की मी तो शर्ट परत करून येणार आहे. मामीने इस्त्री करून ठेवलाय, म्हणजे आता तीसुद्धा माझ्या बाजूने आहे.

तुझा,
मामा


२६ मार्च

ती. स्व. मामा,

"उत्तीर्ण" टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. लोकांसाठी "शंभर टक्के समाधान" लिहिताना माझा हात कधी अडला नाही. आता अडलाय, म्हणून लिहिते.

आईच्या मागच्या खोलीची भिंत ओली आहे. बाहेरच्या बाजूची, जिच्यापुढे लाकडी कपाट आहे ती. खोली झाली त्याच वर्षी पावसाळ्यात तिथे हाताएवढा डाग आला. तू न सांगता कधीही उगवशील म्हणून आईने आणि मी मिळून कपाट त्याच्यापुढे सरकवलं. ती म्हणाली, "त्याने किती हौसेने केलंय, त्याला नको कळायला." दरवर्षी तू आलास, टिचक्या मारल्यास, चहा घेतलास, "ताई, खोली कशी ठणठणीत आहे बघ" म्हणालास आणि आई हो म्हणाली. मीही तिथेच उभी असायचे.

आता कपाटामागे सगळं काळं झालंय. आई त्याच खोलीत झोपते. तिच्या खोकल्यावरून तिचे डॉक्टर म्हणाले, घरात कुठे ओल आहे का बघा, आणि ती त्यांना नाही म्हणाली.

नवबिल्लेने कपाट हलवलं होतं. आईनेच मला फोनवर सांगितलं. त्याने बघितलं, कपाट होतं तसं सरकवलं आणि चहा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "काकांचा हात आहे, मावशी. मी काय लिहिणार." मला त्याचा राग येत नाही. त्याने एकदा केलं ते आम्ही इतकी वर्षं करतोय.

मला माहीत आहे दवाखान्याचं काम यावर अडलंय. मी गप्प राहिले असते तर तुझं काम झालं असतं, आणि हे तुला कधीच कळलं नसतं. पण आई खोकतेय मामा, आणि तो शब्द मला लिहवत नाही. तू सांगशील ते करीन.

ठमी


५ एप्रिल

मामा,

उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. मामी म्हणते "बाहेर गेलेत", आणि रोज तेच म्हणते. आईचाही फोन लागत नाही. रागावला असशील तर रागावून लिही, पण लिही.

ठमी


१६ एप्रिल

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. अजून थोडा आहे. तुझ्या आईचा फोन मीच बंद करून ठेवला होता, कारण ती दर थोड्या वेळाने "ठमीला विचारते" म्हणून काम थांबवत होती.

तुझं पत्र वाचलं आणि तडक तुमच्याकडे गेलो. ताईला म्हटलं, कपाट हलव. ती म्हणाली, आधी चहा घे. म्हटलं, कपाट. मग तिने काय करावं? कपाटाला पाठ लावून उभी राहिली, लहानपणी माझ्या परीक्षेचा निकाल वडिलांपासून लपवायला दारात उभी राहायची तशी. तिला बाजूला केलं, कपाट ओढलं. तू लिहिलंस त्यापेक्षा वाईट होतं.

गिलावा फोडला. आणि ठमे, आतली वीट कोरडी ठणठणीत. आणखी खाली फोडलं, तिथेही तेच. बाहेरून थेंब आत आलेला नाही. पहिल्या वर्षी डाग आला तो नव्या भिंतीतल्या पाण्याचा. ते सुकायला वेळ लागतो, थोडा डाग दिसतो आणि वारा लागला की जातो. मला दाखवला असता तर मी म्हटलं असतं, खिडकी उघडी ठेव. पण तुम्ही दोघी लाडाने त्याच्यापुढे कपाट लावून बसलात. शेजारीच न्हाणीघर, त्याची वाफ कपाटामागे कोंडत राहिली, वर्षानुवर्षं. ताई म्हणाली, "म्हणजे भिंत चांगली होती?" म्हटलं, भिंत चांगली होती, तुम्ही वाईट होतात. ती हसायला लागली, मग खोकायला लागली, मग रडायला लागली. मीही रडलो. मामीला सांगू नकोस.

राग कशाचा आला ते सांगतो. परक्याच्या घरी मी पलंगसुद्धा हलवायला लावतो, आणि बहिणीच्या घरी दरवर्षी तीन भिंतींवर टिचक्या मारून चौथीपुढचं कपाट सोडत आलो. ताईचं कपाट, म्हणून. काय ठेवलंय मागे, असं एकदाही विचारलं नाही. मला कौतुक ऐकायचं होतं, ते ऐकून घरी जात होतो. हिला भेट म्हणतात का?

म्हणून बाईंकडे जाऊन स्वतःवर तक्रार दिली. बाई म्हणाल्या, भिंत निर्दोष निघाली, तक्रार फेटाळते. मी म्हटलं, बाई, बिल्ला भिंतीचा नाही, भेटीचा आहे. मग त्यांनी माझं नाव कमी केलं. नवबिल्लेचंही केलं, खोट्या अहवालासाठी. तो मान खाली घालून म्हणाला, "काका, तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून केलं." म्हटलं, माहीत आहे रे, म्हणूनच जास्त झोंबलं. मंडळात आता प्लंबर आणि फरशीवाला राहिलेत आणि दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात.

नियमाप्रमाणे बाईंनी आमची नावं कारणासकट मंडळाच्या पानावर लावली. त्याचे साइटवरचे नऊ बिल्ले आहेत तसेच आहेत, कुणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या नावापुढे बाईंनी लिहिलंय, "दरवर्षी भेट दिली, परंतु कपाट हलवले नाही. स्वतः कळवले." झालं, म्हटलं, शर्टाची घडी मोडायची वेळ आली. तर डॉक्टरांचा फोन. म्हणाले, "ते कपाटवाले तुम्हीच ना? उद्या नकाशा घेऊन या." मी त्यांना सांगत होतो की अहो, मला काढून टाकलंय. ते म्हणाले, वाचलं, म्हणूनच फोन केला. त्यानंतर आणखी दोघांनी केला. लोकांचं काही कळत नाही. शर्ट मी स्वतः जाऊन परत दिला आणि त्याला म्हटलं, तुझं काम चांगलं आहे, ती चित्रं काढून टाक. म्हणाला, विचार करतो. ती तुझी ढाल त्याला फार आवडते.

साइटवरून माझा बिल्ला तेवढा काढ. विम्याचा राहू दे.

आणखी एक. भिंत बंद करून आम्ही चहाला बसलो तेव्हा ताई म्हणाली, "आता विषय निघालाच आहे तर सांगते." स्वयंपाकघरातला ओटा तिला पहिल्या दिवसापासून उंच पडतो. मी तो तुझ्या मामीच्या उंचीने बांधला होता, कारण माप घ्यायला त्या दिवशी मामी तिथे होती. इतकी वर्षं ताई एका फळीवर उभी राहून स्वयंपाक करतेय आणि मी आलो की ती फळी पायाने आत ढकलते. तुलाही हे माहीत असणार, आता नाही म्हणू नकोस.

काल ओटा फोडला. नव्या ओट्याचं माप घ्यायला तिला तिथे उभं केलं, तर ती सवयीने टाचा उचलून उभी राहिली. मला दोन वेळा तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली करावं लागलं.

तुझा,
मामा